'आतानऽ' म्हणजे वडिलांना की वडिलांचा? कराचाय-बाल्कारच्या विभक्त्या आणि मालकीचे प्रत्यय

प्रश्न थोडक्यात असा. रशियात, कॉकेशसमधल्या नाल्चिकला मेडिकलला असलेल्या एका मुलीने विचारलंय की घरमालकीण आजी बाल्कार आहे, म्हणजे तिची भाषा कराचाय-बाल्कार, बाजारात रशियनवर भागतं पण आजीशी तिच्या भाषेत बोलावं असं वाटतं, वही भरली शब्दांची पण एक गाठ काही सुटत नाही. 'आता' म्हणजे वडील हे कळलं, मग 'आतानऽ' म्हणजे 'वडिलांना' पण आणि 'वडिलांचा' पण, असं कसं? आणि 'मेनि आताम' म्हणजे 'माझे वडील', तर यात 'माझे' दोनदा का येतंय?

चांगला प्रश्न आहे आणि खरं सांगायचं तर दोन नाहीत, एकच आहे, शेवटी येईल लक्षात. मी बरीच वर्षं तुर्की आणि तिच्या नात्यातल्या भाषांमधून अनुवाद करतो, शिकवतो पण, आणि कराचाय-बाल्कार मी आधी तुर्कस्तानात कोन्याकडच्या कराचाय लोकांकडून शिकलो आणि मग कॉकेशसला जाऊन दुरुस्त करून घेतली. दुरुस्त म्हणजे काय, लोक हसले तसं तसं कळत गेलं.

आधी लिपीचं बोलू, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. तुला तिथे सगळं सिरिलिकमध्ये दिसतं, मी इथे देवनागरीत लिहितोय. आ, ए, इ, ओ, उ हे आपले नेहमीचे. 'ऽ' दिसला की तो स्वर आपल्या 'अ'च्या जवळचा, जीभ जरा मागे ओढून म्हणायचा, आणि तो गिळायचा नाही, म्हणजे 'आतऽ' हे 'आत' नव्हे. 'यु' आणि 'यो' लिहीन तिथे 'य' विसर, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करून 'इ' म्हटलं की 'यु', तसेच ओठ ठेवून 'ए' म्हटलं की 'यो'. फक्त 'युय' म्हणजे घर, या शब्दातला दुसरा 'य' खरा आहे. क़ आणि ग़ गझलेतले, घशातून. आणि ङ. हा वाङ्मयातला ङ, आपल्याकडे बिचारा बाराखडीत नुसता बसून असतो, इथे त्याला पूर्णवेळ नोकरी आहे, त्याच्याकडे लक्ष ठेव.

भाषेबद्दल दोनच वाक्यं. ही तुर्की कुळातली, किपचाक शाखेची, म्हणजे इस्तंबूलच्या तुर्कीपेक्षा कुमिक, तातार, कझाख यांच्या जवळची. रशियात तीन लाखांच्या आसपास बोलणारे, दोन प्रजासत्ताकांत वाटलेले, कराचाय लोक पश्चिमेला कराचाय-चेर्केसियात आणि बाल्कार पूर्वेला काबार्दिनो-बाल्कारियात, मधे एल्ब्रुस शिखर, ज्याला ते मिङि-ताउ म्हणतात. तू नाल्चिकला आहेस म्हणजे तुझ्या कानावर बाल्कार बोली पडते, लिहिण्यात कराचाय लोक 'ज'साठी दोन अक्षरं लिहितात, बाल्कार एकच लिहितात, आणि वरच्या मल्कार खोऱ्यातली म्हातारी माणसं 'च'चा 'त्स' करतात. पण प्रत्ययांत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे खाली जे आहे ते दोन्हीकडे चालेल.

आता मुद्द्यावर.

विभक्त्या सहा. आपल्याला शाळेत आठ पाठ करायला लावल्या होत्या, प्रथमा द्वितीया तृतीया करत, त्यामानाने ही चैन आहे. आणि अजून मोठी चैन म्हणजे सामान्यरूप जवळजवळ नाहीच. आपण 'घोडा'ला 'ला' लावायचं तर आधी 'घोड्या' करतो, 'विहीर'ची 'विहिरी' करतो, 'ऊस'चा 'उसा', परदेशी माणसाला मराठी शिकवताना मला याची लाज वाटते. इथे शब्द तसाच उभा राहतो आणि प्रत्यय मागून चिकटतो. बदलतो तो प्रत्यय, शब्दातल्या शेवटच्या स्वराकडे बघून.

चार शब्द घे, हेच चार पुरतात, मी सगळ्यांना हेच देतो: आत (घोडा), एल (गाव), क़ोल (हात), युय (घर). यांना '-नऽ' हा प्रत्यय लावला की आतनऽ, एलनि, क़ोलनु, युयन्यु. म्हणजे एकाच प्रत्ययाचे चार चेहरे. आता 'कडे, ला' या अर्थाचा लाव: आतख़ा, एलगे, क़ोलग़ा, युयगे. इथे स्वर दोनच, आ किंवा ए, बाकी व्यंजन थोडं बदलतंय. 'मध्ये' चा: आतदा, एलदे, क़ोलदा, युयदे. 'हून, पासून' चा: आतदान, एलदेन, क़ोलदान, युयदेन. तर नियम असा, प्रत्ययातला स्वर तोंड उघडं ठेवणारा (आ/ए) असेल तर दोनच रूपं, तोंड मिटतं ठेवणारा असेल तर चार. हे एकदा जिभेला वळण लागलं की विचार करावा लागत नाही, उलट 'युयदा' म्हणताना आपल्यालाच कसंतरी व्हायला लागतं. तुर्की आधी शिकलेल्यांसाठी एक सूचना, तुर्कीत कठोर व्यंजनानंतर 'दा'चा 'ता' होतो, इथे लिहिताना होत नाही, किताप म्हणजे पुस्तक आणि पुस्तकात म्हणजे 'कितापदा', सरळ.

'हून'वाली विभक्ती आपल्याला एकदम घरची वाटते. मिङि-ताउ काझबेकदेन मियिकदि, म्हणजे एल्ब्रुस काझबेकहून उंच आहे. आपण 'पेक्षा' जास्त वापरतो पण 'त्याहून मोठा' आपल्यातही आहेच, रचना तीच. (5642 मीटर आहे एल्ब्रुस, कळसूबाई 1646, अंक उगाच सारखे वाटतात म्हणून माझ्या लक्षात राहिले.) पण सगळीकडे आपली विभक्ती तिथे चालत नाही. आपण कुत्र्याला घाबरतो, ते कुत्र्याहून घाबरतात, 'इतदेन क़ोरक़ामा'. आपण घोड्यावर बसतो, ते घोड्याकडे चढतात, 'आतख़ा'. अशी क्रियापदं विभक्तीसकटच पाठ करायची, वेगळी करून उपयोग नाही.

आता तुझी गाठ. '-नऽ/-नि/-नु/-न्यु' हा एकच प्रत्यय दोन कामं करतो, 'चा-ची-चे' पण आणि कर्माचा 'ला' पण. तुर्कीत ही दोन वेगळी आहेत, कराचाय-बाल्कारमध्ये एक झालीत. सर्वनामांतही तसंच, 'मेनि' म्हणजे माझा आणि मला (म्हणजे 'मला पाहिलं' मधला मला, 'मला दे' मधला नव्हे, त्याला 'माङा'), 'सेनि' म्हणजे तुझा आणि तुला, 'आनऽ' म्हणजे त्याचा-तिचा आणि त्याला-तिला. लिंग नाहीच भाषेत, 'ओल' म्हणजे तो, ती, ते सगळं. चा-ची-चे-च्या चं जुळवणं नाही, हे ऐकून माझे विद्यार्थी सुस्कारा सोडतात.

मग लोक गोंधळत का नाहीत? कारण कर्म ओळखायला प्रत्यय लागतोच असं नाही आणि मालकी ओळखायला प्रत्यय एकटा येतच नाही. दोन्ही जरा नीट बघू.

कर्माचं आधी. 'ख़ऽचऽन आशादऽम', ख़ऽचऽन खाल्ला. (नाल्चिकला आहेस म्हणजे रोजच खात असशील, बटाटा-चीज भरलेली पातळ पोळी, वरून लोणी.) इथे प्रत्यय नाही, कारण कुठला ख़ऽचऽन हे महत्त्वाचं नाही, खाण्याचं काम झालं एवढंच. 'ख़ऽचऽननऽ आशादऽम' म्हटलं की तो ख़ऽचऽन, जो ताटात होता, ज्याबद्दल आपण बोलत होतो, तो खाल्ला, आणि बहुतेक कुणीतरी चिडणार आहे. तसंच 'किताप ओक़ुयमा' म्हणजे पुस्तक वाचतोय, वाचनात आहे, आणि 'कितापनऽ ओक़ुयमा' म्हणजे ते अमुक पुस्तक. मराठीत निर्जीव वस्तूला आपण हे करत नाही पण माणसांच्या बाबतीत आपल्याला हा फरक हाडात माहितीये. 'काल मुलगी पाहिली' म्हटलं की कांदेपोहे झाले, 'काल मुलीला पाहिलं' म्हटलं की रस्त्यात दिसली. '-ला' लावला की ओळखीची, ठरलेली मुलगी, न लावला तर लग्नाळू पोरगी हा प्रकार. त्यांच्याकडे हेच पुस्तकं, घोडे, पोळ्या सगळ्यांना लागू.

म्हणजे 'आतनऽ क्योरद्युम' म्हणजे (तो) घोडा पाहिला. 'आत क्योरद्युम', एक घोडा पाहिला, कुठलातरी.

आणि मालकीचं? 'आतनऽ बाशऽ', घोड्याचं डोकं. डोकं म्हणजे 'बाश', पण इथे 'बाशऽ' झालंय. तो शेवटचा 'ऽ' म्हणजे 'त्याचं'. शब्दशः 'घोड्याचं त्याचं-डोकं'. म्हणजे मालकावर एक खूण, मालमत्तेवर दुसरी. आपल्याकडे खूण फक्त मालकाच्या बाजूला, घोड्या-चं, आणि डोकं बिचारं कोरं. त्यांच्याकडे डोक्यालाही पट्टा घातलेला असतो की मी कुणाचं तरी आहे. त्यामुळे '-नऽ' दिसला की पुढे बघायचं, पट्टा घातलेला शब्द दिसला तर 'चा', क्रियापद दिसलं तर 'ला'. ऐकताना हे आपोआप होतं, वाचताना लांब वाक्यात मधे विशेषणं घुसली की मात्र मी अजूनही कधी कधी चुकतो आणि वाक्य दुसऱ्यांदा वाचतो.

म्हणून 'मेनि आताम'. मेनि म्हणजे माझे, 'आताम' म्हणजे माझे-वडील. दोनदा नाही, एकदा मालकावर आणि एकदा वडिलांवर. आणि खरं तर गरज दुसऱ्याचीच आहे, 'मेनि' गाळलं तरी चालतं, नुसतं 'आताम' म्हणजे माझे वडीलच, 'मेनि' आपण जोर द्यायला लावतो, 'माझे वडील हो, तुझे नाही'. उलटं मात्र बहुतेक वेळा चालत नाही, 'मेनि आता' कानाला तुटकं लागतं. अपवाद बहुवचनाचा, 'बिझनि एल' म्हणजे आमचं गाव असं बिनपट्ट्याचं लोक बोलताना म्हणतात, तिथे मालकी सैल असते, गाव कुणा एकाचं नसतंच.

पट्टे असे. स्वराने संपणारा शब्द घेऊ, आता: आताम (माझे वडील), आताङ (तुझे), आतासऽ (त्याचे/तिचे), आताबऽझ (आमचे-आपले), आताग़ऽझ (तुमचे). व्यंजनाने संपणारा, क़ोल: क़ोलुम, क़ोलुङ, क़ोलु, क़ोलुबुझ, क़ोलुग़ुझ. युय: युयुम, युयुङ, युयु, युयुब्युझ, युयुग्युझ, हे कागदावर रांगत्या पोराच्या बडबडीसारखं दिसतं पण ऐकायला फार गोड आहे. 'तो' वाल्या पट्ट्यात स्वरानंतर एक 'स' मधे येतो (आतासऽ, बालासऽ), व्यंजनानंतर नाही (क़ोलु, बाशऽ). आमचे-आपले हा मराठीचा भेद तिथे नाही, 'आताबऽझ'मध्ये समोरचा धरला की वगळला हे प्रसंगावरून.

शब्दाच्या शेवटी क, क़, प असेल तर पट्टा लावताना ते मऊ होतात. ज्युरेक (हृदय) चं ज्युरेगिम, क़ुलाक़ (कान) चं क़ुलाग़ऽम, किताप चं किताबऽम. मेडिकलची आहेस म्हणून हे अवयव देतोय, पेशंट 'माझं डोकं दुखतंय' हे 'बाशऽम आउरुयदु' असंच सांगणार, मालकीच्या पट्ट्यासकट, नुसतं 'बाश' कुणी म्हणत नाही. किताप हा अरबीतून आलेला, ख़ापार म्हणजे बातमी, गोष्ट, हा आपला 'खबर', झामान म्हणजे 'जमाना', असे शब्द वहीत वेगळ्या पानावर ठेव, फुकटची मिळकत आहे.

आता पट्टा आणि विभक्ती एकत्र, आणि इथेच खरी मजा आहे. क्रम नेहमी ठरलेला: मूळ शब्द, मग अनेकवचन, मग पट्टा, मग विभक्ती. कधीच उलट नाही. 'माझ्या घराकडे' म्हणजे युय-युम-गे होईल असं वाटतं ना? नाही. 'युयुमे'. 'मी' आणि 'तू' च्या पट्ट्यानंतर 'गे/ग़ा'चा ग पडतो, नुसता ए/आ उरतो: आतामा (माझ्या वडिलांना), आताङा (तुझ्या वडिलांना), युयुमे, युयुङे. तसंच '-नऽ'मधला न पण पडतो: आतामऽ, आताङऽ. 'आमचा-तुमचा'च्या पट्ट्यानंतर मात्र सगळं शाबूत, आताबऽझग़ा, आताबऽझनऽ.

आणि 'तो/ती' च्या पट्ट्यानंतर एक 'न' उगवतो. आतासऽना, त्याच्या वडिलांना. युयुने, त्याच्या घरी. युयुन्दे, त्याच्या घरात. युयुन्देन, त्याच्या घरून. हा 'न' कुठून आला, याचा अर्थ काय, असं विचारू नकोस, अर्थ काही नाही, तो आपल्या सामान्यरूपासारखा आहे. 'घर'चं 'घरा' होतं, त्या 'आ'ला काय अर्थ आहे, नुसता प्रत्ययासाठी पाट मांडलाय, तसा हा 'न' म्हणजे पाट. फक्त तिसऱ्या पुरुषाला.

आता तुझी मूळ गाठ इथे परत येते बघ. मघाशी म्हटलं 'चा' आणि कर्माचा 'ला' एकच. पहिल्या-दुसऱ्या पुरुषातही एकच राहतात: 'आतामऽ युयु' माझ्या वडिलांचं घर, 'आतामऽ क्योरद्युम' माझ्या वडिलांना पाहिलं. पण तिसऱ्या पुरुषात ते फुटतात! 'आतासऽनऽ युयु' म्हणजे त्याच्या वडिलांचं घर आणि 'आतासऽन क्योरद्यु' म्हणजे त्याच्या वडिलांना पाहिलं. कर्माला नुसता 'न', मालकाला पूर्ण 'नऽ'. एका स्वराचा फरक. अख्ख्या नामव्यवस्थेत ही दोन रूपं फक्त या एका कोपऱ्यात वेगळी दिसतात. मला वाटतं हा कोपरा ज्याला दिसला त्याला भाषा दिसली, कारण तिथे दोघांचा चेहरा बदलतो म्हणूनच कळतं की बाकी ठिकाणी ते दोघं वेगळे असून एकाच कपड्यात फिरतायत. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि पाच मिनिटं काही बोलत नाही, कुणीतरी ओरडतंच, 'अरे हो!' म्हणून.

ङ कडे लक्ष ठेव म्हटलं होतं. 'क़ोलुङदा' म्हणजे तुझ्या हातात, 'क़ोलुन्दा' म्हणजे त्याच्या हातात. पहिल्यात ङ हा 'तुझा' पट्टा आहे, दुसऱ्यात न हा पाट आहे. तुर्कस्तानच्या प्रमाण तुर्कीत ङ मेला, दोन्ही 'एलिन्दे' होतात, तुझ्या हातात की त्याच्या हातात ते संदर्भाने ठरवावं लागतं. कराचाय-बाल्कारने ङ जपला म्हणून दोन वेगळे राहिले. मी तुर्कीवरून आलो असल्यामुळे पहिल्या वर्षी सगळीकडे न म्हणायचो. एकदा बक्सान खोऱ्यात एका घरी जेवायला होतो, यजमानाचा भाऊ पाठीमागे काहीतरी लपवून दारात आला, मी मोठ्या उत्साहात विचारलं, 'क़ोलुन्दा नेदि?' त्याने मागे वळून बघितलं. मला म्हणायचं होतं 'तुझ्या हातात काय आहे', मी विचारलं होतं 'त्याच्या हातात काय आहे', आणि 'तो' कोण हे बघायला तो बिचारा वळला. ठेचा लागल्याशिवाय ङ कळत नाही. (हातात चाकू होता, मेंढी कापायची होती, विशेष काही नाही.)

अनेकवचन. प्रत्यय '-ला/-ले'. आतला म्हणजे घोडे, एलले गावं, आदामला म्हणजे माणसं, आणि बालाला म्हणजे मुलं. मराठी माणसाला 'बालाला' वाचलं की 'बाला'ला द्वितीया लावली असं वाटणारच, मला अजून वाटतं. हा आपला 'ला' नाही, काही संबंध नाही, नुसती गंमत. तुर्की कुळातल्या बहुतेक भाषांत हा प्रत्यय 'लार/लेर'सारखा असतो, इथे शेवटचा र गळून पडलाय. पण पूर्ण मेला नाही! पट्टा लावला की उठून बसतो: बालालारऽम, माझी मुलं. बालालारऽङ, तुझी. बालालारऽ, त्याची. नुसती विभक्ती लावली तर मात्र झोपलेला, बालालाग़ा (मुलांना), बालालानऽ (मुलांचा), बालालादान (मुलांकडून). म्हणजे पुढे स्वर आला की र जागा, व्यंजन आलं की गायब. 'बालालारऽमदान' हे आता तू स्वतः सोडवू शकशील: मूल, अनेक, माझी, कडून. माझ्या मुलांकडून.

आकड्यानंतर अनेकवचन नाही, 'एकि बाला' म्हणजे दोन मुलं.

इथे एक खरीखुरी संदिग्धता आहे आणि ती कुणालाच सुटत नाही. 'बालालारऽ' म्हणजे त्याची मुलं, की त्यांचं मूल, की त्यांची मुलं? तिन्ही. दोनदा अनेकवचन लावता येत नाही ना, म्हणून. गरज पडली तर पुढे 'आनऽ' (त्याची) किंवा 'आलानऽ' (त्यांची) लावून मोकळं व्हायचं.

आता ज्यासाठी मराठी मुलं हमखास चुकतात ते. आपण म्हणतो 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे नाहीत'. त्याचं भाषांतर करून 'माङा एकि क़ारनाश' म्हणतात, ऐकणाऱ्याला वाटतं कुणी याला दोन भाऊ आणून द्या म्हणतोय. त्यांच्या भाषेत 'असणे' हे मालकीच्या पट्ट्याने होतं: 'मेनि एकि क़ारनाशऽम बारदऽ', माझे दोन माझे-भाऊ आहेत. 'आचख़ाम जोक़दु', माझा पैसा नाहीये. बार म्हणजे आहे, जोक़ म्हणजे नाही. पट्टा विसरलीस तर वाक्यच पांगळं. आणि 'हे पुस्तक माझं आहे' ला 'बु किताप मेनिकिदि', तिथे 'मेनिकि' हा वेगळा, सुटा शब्द, आपल्या 'माझंवालं'सारखा.

आपल्या शब्दयोगी अव्ययांचं काम पण त्यांनी पट्ट्यावरच भागवलंय. 'टेबलावर' साठी 'वर' असं अव्यय नाही, 'टेबलाच्या त्याच्या-माथ्यात' म्हणतात, स्तोलनु युस्युन्दे. झाडाखाली, तेरेकनि त्युब्युन्दे, झाडाच्या त्याच्या-बुडात. घरात अगदी आत, युयन्यु इचिन्दे. बघ, सगळीकडे तोच साचा, मालक + नऽ, मग पट्ट्यासकट जागेचं नाव, मग पाटाचा न, मग दे. आपलं 'घराच्या मागे' मध्ये 'च्या' आहे तो याच जातीचा. आणि एक भेट म्हणून, आपला 'घरातला' जसा विभक्तीवर अजून एक प्रत्यय चढवतो तसा त्यांचा 'युयदेगि', घर-मध्ये-ला. 'ताउदाग़ऽ', डोंगरातला. मराठीवाल्याला हे लगेच जमतं, इंग्रजीवाले महिनाभर अडकतात.

बरोबर, ने, शी या सगळ्यासाठी 'ब्ला' हा एकच सुटा शब्द, तो विभक्ती नाही. क़ारनाशऽम ब्ला, माझ्या भावाबरोबर. 'आणि' म्हणून पण तोच, आता ब्ला आना, आई-वडील. सर्वनाम असेल तर त्याला 'नि' लागतो, मेनि ब्ला, माझ्याबरोबर.

पट्टा कधी लागत नाही तेही सांगतो, कारण तुर्की येणारे इथे जास्तीचा लावतात. दोन नामं जोडून एका गोष्टीचं नाव झालं, पहिलं नुसतं विशेषणासारखं उभं असलं, तर दोन्ही कोरी. आना तिल, मातृभाषा. तेमिर जोल, लोखंडी रस्ता म्हणजे रेल्वे. तुझ्या प्रजासत्ताकाच्या पाटीवरच बघ, त्यांच्या भाषेतलं नाव 'क़ाबार्तऽ-माल्क़ार रेस्पुब्लिका', शेवटी काही नाही, तुर्कस्तानचा माणूस हेच लिहिताना शेवटी पट्टा लावतो.

सरावाला शब्द एकेकटे घोकू नकोस, एक वाक्य घे आणि माणूस बदलत जा. मी शिकलो ते वाक्य 'युयुब्युझगे क़ायतदऽक़', आम्ही आमच्या घरी परतलो. युय, युब्युझ (आमचं), गे. कराचाय लोकांना 2 नोव्हेंबर 1943 ला आणि बाल्कारांना 8 मार्च 1944 ला सोव्हिएत सरकारने गाड्यांत भरून कझाखस्तान-किर्गिझस्तानला नेलं होतं, परत यायला मिळालं 1957 पासून, त्यामुळे तुझ्या आजीच्या वयाच्या माणसाकडून हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर ऐकू येण्याची शक्यता आहे, तेव्हा पट्टे मोजत बसू नकोस, नुसतं ऐक. एकटीने बसलीस की मग फिरव: युयुमे क़ायतदऽम, मी माझ्या घरी परतले, युयुङे, युयुने.

शेवटचा एक सापळा, तुझ्यासाठी खास. 'आत' म्हणजे घोडा पण आणि नाव पण, त्यामुळे 'सेनि आतऽङ क़ालायदऽ?' असं आजीने पहिल्या दिवशी विचारलं असेल तर ते तुझ्या घोड्याबद्दल नव्हतं. आणि 'आत' हे धातू म्हणूनही आहे, फेकणे. आता 'आतामा' हा शब्द घे. आता-म-आ, माझ्या वडिलांना, 'आतामा आयतदऽम' म्हणजे वडिलांना सांगितलं. आत-आ-मा, मी फेकते. आणि 'मा' हा 'मी आहे' या अर्थाने नामालाही लागतो, 'ताउलुमा' म्हणजे मी डोंगरी माणूस आहे, तसा आता-मा. म्हणजे फोनवर वडिलांशी बोलून झाल्यावर आजीला सांगायला गेलीस, 'मेन आतामा...' म्हणालीस आणि पुढचं क्रियापद आठवलं नाही म्हणून तिथेच थांबलीस, तर तू तिला सांगितलंस की मी बाप आहे.